अनुकरण, चौर्य आणि ऋण

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या गावच्या देवस्थानच्या सभागृहात मुलांसाठी पंधरा दिवसांचा एक वर्ग भरविण्यात आला. ह्या सभागृहात आजवर भजनाचे, पेटी-तबल्याचे आणि क्वचित् संस्कृत संभाषणाचे वर्ग होत आले आहेत. ह्या खेपेचा विषय निराळा होता. तळहाताएवढा एक निळा बोर्ड, काही तारा, रंगीत दिवे, एक छोटी मोटर, ध्वनिलहरींनी अंतर मोजणारे एक उपकरण, आणि ही सारी सामग्री आपल्या आज्ञेत वागविण्याची विद्या, असे त्या वर्गाचे स्वरूप होते. गोव्यातील शाळांत कोडिंग व रोबोटिक्स शिकविण्याची सरकारी योजना २०२१ पासून चालू आहे. तेव्हा मुलांस हा विषय अगदीच अपरिचित नव्हता. परंतु एखादी वस्तू पाहावयास मिळणे आणि ती रात्री घरी नेऊन उलटीपालटी करावयास मिळणे ह्यांत पुष्कळ अंतर असते. म्हणून प्रत्येक मुलास स्वतंत्र संच द्यावा असे समितीने ठरविले. परगावी असलेल्या एका महाजनांनी आपल्या दिवंगत मातोश्रींच्या स्मरणार्थ तीस हजार रुपये पाठविले होते. त्यांतून वीस मुलांचे वीस संच आले, आणि सर्वांस समाधान वाटले.

तिसऱ्या दिवशी सातवीतील एक मुलगी आमच्याकडे आली. वर्गात आम्हांस शिकविण्यासारखे काही नव्हते. आम्ही आपले हिशेबाच्या कागदांवर सह्या करीत बसलो होतो. तिने बोर्ड उलटा करून त्याच्या पाठीवरील बारीक अक्षरे दाखविली. तेथे इटली देशाचा छोटा नकाशा होता आणि ‘मेड इन इटली’ असे छापलेले होते. दुसऱ्या हातात संचाची पेटी होती. “काका, हें इटलींत केल्लें, जाल्यार पेटयेर चीन कित्याक बरयलां?” असे तिने विचारले.

आम्ही चोवीस वर्षे वकिली करीत आहो. साक्षीदाराच्या उत्तरात विसंगती दाखविणे हा आमचा व्यवसाय. परंतु इतकी नेमकी उलटतपासणी आमच्या वाट्यास क्वचितच आली असेल. आम्ही “पाहून सांगतो” म्हणालो. ते टाळण्याचे उत्तर होते, हे तिलाही कळले असावे.

सायंकाळी समितीपुढे गोष्ट निघाली. बोर्डावर अर्दुइनो ह्या प्रख्यात इटालियन कंपनीचे नाव होते आणि बोर्ड तिचे नव्हते, ह्याविषयी शंका उरली नाही. विक्रेत्याकडे चौकशी करता पाकिटे फोडल्यामुळे माल परत घेता येणार नाही असे उत्तर आले. एका वृद्ध सदस्यांचे म्हणणे असे पडले, की मुलांना त्याचे काय? दिवा लागला म्हणजे झाले. दुसरे एक गृहस्थ शिक्षक. ते म्हणाले, देवाच्या दारी खोट्या नावाची वस्तू नको, हे सर्व बाजूस ठेवून मूळ कंपनीचेच संच आणावेत. त्यावर खजिनदारांनी हिशेब मांडला: मूळ कंपनीचा बोर्ड दोन हजारांच्या आसपास आणि दुसरा तीन-चारशेत, पूर्ण संच मूळचा घ्यावा तर मिळालेल्या देणगीत जेमतेम तीन येतील. म्हणजे सतरा मुले बाहेर. तिघांच्या हाती खरे आणि सतरांच्या हाती काहीच नाही, हा धर्म कोणता, असा त्यांचा सवाल होता. तो सोपा नाही.

वकिलाची खोड अशी, की प्रश्न नीतीचा असला तरी तो आधी कायद्यात शोधावयाचा. शोधता जे हाती लागले ते आम्हांसही नवे होते.

सामान्यतः नक्कल म्हटली की चोरी, अशी आपली समजूत असते. ह्या बोर्डाच्या बाबतीत ती चुकीची ठरते. अर्दुइनोचा जन्म २००५ साली उत्तर इटलीतील इव्रेआ ह्या गावी, तेथील एका अभिकल्प-संस्थेत झाला. गावात अर्दुइनो राजाच्या नावाचे एक मद्यगृह होते. हा राजा १००२ साली इटलीच्या गादीवर बसला. मद्यगृहास राजाचे नाव आणि बोर्डास मद्यगृहाचे, असा हा नामकरणाचा क्रम आहे. कलेच्या व अभिकल्पाच्या विद्यार्थ्यांस, ज्यांचा विजेच्या शास्त्राशी संबंध नाही अशांस, यंत्रे हाताळता यावीत आणि ती त्यांच्या खिशाला परवडावीत, हा हेतू होता. संस्था बंद पडण्याच्या वाटेवर होती. आपले काम तिच्याबरोबर बुडू नये म्हणून कर्त्यांनी बोर्डाचा सारा नकाशा जगास खुला केला. कोणीही तो घ्यावा, त्यावरून बोर्ड करावा, विकावा, सुधारावा. अटी मुख्यतः दोन: मूळ कर्त्याचा उल्लेख करावा, आणि त्यावरून जे नवे कराल तेही अशाच अटींवर इतरांस द्यावे. एक गोष्ट मात्र त्यांनी दिली नाही, ती म्हणजे नाव. रचना सर्वांची, नाव त्यांचे.

तेव्हा शेन्झेनच्या एखाद्या कारखानदाराने हुबेहूब तसा बोर्ड केला तर त्यात चौर्य नाही. ती कर्त्यांच्या इच्छेचीच पूर्ती आहे. त्याने त्यावर अर्दुइनो हे नाव आणि इटलीचा नकाशा छापला, हा अपराध. आपल्याकडे १९९९ चा व्यापारचिन्ह अधिनियम खोटे चिन्ह लावणारास आणि तसा माल विकणारास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास सांगतो. स्वतःच्या वापरासाठी अजाणता विकत घेणारास तो काही करीत नाही. म्हणजे आमची समिती कायद्याने निर्दोष होती. समितीस हे सांगताच वृद्ध सदस्य प्रसन्न झाले. आम्ही झालो नाही.

कारण हा भेद आपल्या परंपरेस नवा नाही, आणि तिने त्याचा विचार कायद्यापेक्षा खोल केला आहे. छापखाना येण्यापूर्वी आपले सारे वाङ्मय नकलेवरच जगले. मठांत, देवळांत, कुलकर्ण्यांच्या घरांत लेखक बसत आणि पोथी उतरवून काढीत. शेवटी लेखक आपले नाव, गाव, शक आणि तिथी घाली. ग्रंथ कोणाचा आणि हात कोणाचा हे वाचणारास स्पष्ट कळे. त्याला कोणी चोर म्हटले नाही. पोथी उतरविणे हे पुण्यकर्म मानले गेले आणि ज्याने ती दान केली त्यास विद्यादानाचे फळ सांगितले गेले. नकलेचे हे शुद्ध रूप होय.

ह्या शुद्ध रूपाला दोन बाजूंनी कीड लागते. एक कीड सर्व वारकऱ्यांस ठाऊक आहे. तुकोबांच्या काळी सालोमालो नावाचा एक कीर्तनकार त्यांचेच अभंग घेई, शेवटची मुद्रा काढून तेथे आपली घाली आणि लोकांत म्हणून दाखवी, अशी परंपरेची साक्ष आहे. परक्याच्या कृतीवर आपले नाव, असा हा प्रकार. दुसरी कीड नेमकी उलट्या दिशेची. आपण काहीतरी रचावे आणि ते खपावे म्हणून त्याला थोराचे नाव द्यावे. संतांच्या गाथांत अशी किती भर पडली आहे ह्याचा निकाल अजून लागत नाही. ज्ञानेश्वरीत अपपाठ शिरले म्हणूनच नाथांना शके १५०६ मध्ये तिची प्रत शुद्ध करावी लागली. आमच्या हातातील निळा बोर्ड ह्या दुसऱ्या प्रकारात मोडतो. तो प्रक्षिप्त आहे. बोर्ड वाईट आहे असे नव्हे. प्रक्षिप्त ओवीही पुष्कळदा चांगली असते.

आणि तो वाईट नव्हताच, हेही सांगितले पाहिजे. मधोमध बसविलेली चिप सेकंदास एक कोटी साठ लाख ठोक्यांनी चालणारी, तीच जी मूळ बोर्डात असते; बाहेरच्या तारा जोडण्याची टोके तितकीच; फरक मुख्यतः संगणकाशी बोलणाऱ्या भागात, तेथे स्वस्त चिनी चिप होती. पहिल्या दिवशी मुलांनी जो धडा गिरविला तो जगात सर्वत्र पहिलाच असतो: बोर्डावरचा एक इवलासा दिवा सेकंदभर लागावा, सेकंदभर विझावा. आज्ञेत एक हजार हा आकडा असतो, म्हणजे हजार सहस्रांश सेकंद. एका मुलाने न विचारता तो शंभर केला आणि दिवा काजव्यासारखा फडफडू लागला. त्या वेळी सभागृहात जो कल्लोळ झाला तो उत्सवाच्या दिवशीही होत नाही. आज्ञा चुकली तर दिवा लागत नाही. कोणाचा मुलगा, कोणती शाळा, बोर्ड कोणाचा, हे यंत्र पाहात नाही. खोट्या नावाच्या पाठीवर मुले खरेपणाचाच अभ्यास करीत होती. ही विसंगती त्या मुलीखेरीज कोणाला टोचली नव्हती, ह्याची आम्हांस लाज वाटली.

आता खजिनदारांच्या सवालाकडे येऊ. सतरा मुलांचे काय? हा युक्तिवाद ऐकणाऱ्यास निरुत्तर करतो, म्हणूनच तो नीट तपासला पाहिजे. त्यात असे गृहीत धरले आहे की गरीब मुलाच्या हाती वस्तू पडावयाची तर थोडे असत्य पोटात घातलेच पाहिजे. चौकशी केल्यावर हे गृहीत ढासळले. बाजारात त्याच खुल्या रचनेवरून केलेले, परंतु ‘अर्दुइनो’ न म्हणविणारे बोर्डही मिळतात. कारखानदाराचे स्वतःचे नाव असते किंवा नुसते ‘उनो आर-३’ असे लिहिलेले असते, आणि अर्दुइनोच्या आज्ञावलीवर चालणारा, असा निर्देश असतो. त्यांची किंमतही तीन-चारशेच. म्हणजे खोटे नाव छापून मुलाचा एक पैसाही वाचत नाही. तेथे जो लाभ आहे तो विकणाराचा आहे, आणि गरिबाचे नाव तेवढे पुढे केलेले आहे. कोर्टात आम्ही हे पुष्कळ वेळा पाहिले आहे. विधवेच्या नावाने दावा असतो आणि खर्च करणारा दीर असतो.

ही माहिती आम्ही आधी काढली असती तर वीसच्या वीस मुलांस निर्मळ वस्तू तेवढ्याच पैशांत मिळती. आम्ही काढली नाही, कारण पैसे धर्मादायाचे होते आणि काम धर्माचे होते, तेव्हा त्यात अधर्म शिरेल हे मनात आले नाही. देवळातील समित्यांस ही भूल विशेष पडते.

शिक्षक-सदस्यांनी मग एक तोड सुचविली, की कानशीने खोटे नाव आणि नकाशा घासून टाकावा. आम्ही तीस विरोध केला. नाव घासले म्हणजे खोटे जाते हे खरे. पण त्याबरोबर ही रचना कोणाकडून आली ती खूणही जाते. प्रक्षिप्ताचे पाप काढता काढता आपण सालोमालोच्या पंगतीस बसू. ह्यावर ते म्हणाले, “वकीलसाहेब, तुम्हांला ना खोटे नाव चालत, ना बिननावाचे.” ते हसून म्हणाले, पण त्यांनी आमची भूमिका अचूक सांगितली.

मूळ कर्तेही ह्या बाबतीत सर्वस्वी निर्लेप नाहीत, हे येथे नोंदविले पाहिजे. इव्रेआच्या त्याच संस्थेत हेर्नांदो बारागान ह्या कोलंबियाच्या विद्यार्थ्याने २००३ मध्ये पदवीच्या प्रबंधासाठी ‘वायरिंग’ नावाची एक रचना केली होती: बोर्ड, सोपी आज्ञाभाषा, सारेच. त्याच्या प्रबंधाच्या मार्गदर्शकांत अर्दुइनोच्या संस्थापकांपैकी मास्सिमो बान्झी होते. अर्दुइनो ह्या वायरिंगवर उभे राहिले. बारागान मात्र त्या मंडळीत नव्हता. अर्दुइनोवाले वायरिंगचा उल्लेख करतात. आपले श्रेय पुरेसे सांगितले गेले नाही, अशी तक्रार त्याने २०१६ मध्ये जाहीरपणे मांडली. त्याच सुमारास संस्थापकांतच नावावरून तंटा लागला होता. एकाने इटलीत चिन्ह आपल्या कंपनीच्या नावे नोंदविले, अमेरिकेत दावे झाले, आणि काही वर्षे एकाच नावाच्या दोन कंपन्या एकमेकींस खोटे ठरवीत राहिल्या. जी वस्तू सर्वांस वाटून टाकली तीवरून भांडण झाले नाही. जे एकच ठेवून घेतले त्यावरून झाले. ह्याचा कोणी काय तो अर्थ घ्यावा.

खोट्या वस्तूस शासन कसे करावे, ह्याविषयी एक प्रकरण आम्हांस फार उद्बोधक वाटते. संगणक आणि असे बोर्ड ह्यांमध्ये दुभाष्याचे काम करणारी एक चिप स्कॉटलंडमधील एफटीडीआय ही कंपनी करते. तिच्या बनावट चिपा बाजारात फार झाल्या. २०१४ च्या ऑक्टोबरात त्या कंपनीची नवी सहायक आज्ञावली विंडोज संगणकांवर आपोआप उतरली. तिला बनावट चिप आढळली की ती चिपेतील ओळखक्रमांक पुसून शून्य करी. त्यानंतर संगणक त्या वस्तूस ओळखेनासा होई. वस्तू मेली नव्हती, पण मुकी झाली होती. ज्यांची उपकरणे अशी मुकी झाली त्यांतील बहुतेकांस आपल्या यंत्रात कोणती चिप आहे हे ठाऊकही नव्हते. ओरड झाली आणि कंपनीने ती आज्ञावली मागे घेतली.

कंपनीची तक्रार सर्वस्वी खरी होती. परंतु दंड कोणास झाला? आम्हांस आदिपर्वातील एकलव्य आठवला. त्याने मातीचा द्रोण केला आणि त्यापुढे विद्या साधली. ती नक्कल होती खरी, पण तीत लपवाछपवी नव्हती. कोणाचा शिष्य असे विचारताच त्याने द्रोणाचे नाव घेतले. आपण कोणाचे देणे लागतो हे तो पहिल्याच प्रश्नास सांगून मोकळा झाला, आणि तरी अंगठा त्याचाच गेला. खोटी चिप करणारा दूर राहिला आणि अंगठा कापला गेला तो शिकणाराचा, हे २०१४ मध्येही तसेच घडले. आमच्या वीस मुलांचे बोर्ड काढून घेऊन शुद्धतेचे समाधान मिळविणे हेही त्याच जातीचे झाले असते. म्हणून बोर्ड मुलांजवळच राहिले.

राहता राहिले ऋण. खरा घोटाळा येथे आहे. उद्या आम्ही प्रामाणिक नावाचे स्वस्त बोर्ड आणले तरी मूळ कंपनीस त्यांतून काही जाणार नाही, आणि तिने केलेली आज्ञावली लिहिण्याची साधने आमची मुले फुकट वापरणारच. कायद्याने हे देणे शून्य आहे. एका तरुण सदस्याने असेही म्हटले, की २०२५ च्या ऑक्टोबरात क्वालकॉम ह्या अमेरिकन कंपनीने अर्दुइनो विकत घेत असल्याचे जाहीर केले; तेव्हा आता कसले ऋण आणि कोणाचे? मोठ्या भांडवलदाराचे का?

आमच्या धंद्यात धनकोवाचून ऋण संभवत नाही. परंतु शास्त्रकारांनी मनुष्य जन्मतःच ऋणी असतो असे म्हणून जी तीन ऋणे सांगितली, त्यांतील ऋषिऋण असेच विलक्षण आहे. ते ऋषीस परत करता येत नाही. ऋषी कधीच गेला. ते फिटते अध्ययनाने, म्हणजे जे मिळाले ते जिवंत ठेवून पुढे देण्याने. त्या खुल्या परवान्याची दुसरी अट, जे नवे कराल ते त्याच अटींवर द्या, ही आम्हांस त्याच कुळातील वाटते. जरी ती लिहिणारांनी तैत्तिरीय संहितेचे नावही ऐकले नसेल. ह्या दृष्टीने कंपनी कोणी विकत घेतली हा प्रश्नच उरत नाही. देणे बारागानचे आहे, बान्झी व त्यांच्या सोबत्यांचे आहे, आणि ते मुलांनी फेडावयाचे आहे. आम्ही मोठ्यांनी करावयाचे ते एवढेच, की देणे आहे हे त्यांच्यापासून लपवू नये.

वर्गाच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही त्या मुलीस बोलावून सर्व सांगितले: बोर्ड इटलीत केलेला नाही, ज्यांनी छापले ते खोटे बोलले, आम्ही न पाहता घेतले. तिने शांतपणे ऐकून विचारले, की मग हा चांगला आहे का वाईट? आम्ही म्हणालो, बोर्ड चांगला आहे, त्यावरील नाव खोटे आहे. ह्या उत्तराने तिचे समाधान झाले असे दिसले नाही. दुसऱ्या दिवशी तिने पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस एक कागद चिकटविला. त्यावर कोण कोण, कोठे, कोणत्या साली, असे पोथीच्या शेवटी असते तसे सारे लिहिले होते आणि खाली स्वतःचे नाव व इयत्ता. इतर मुलांनी ते तिच्याकडून उतरवून घेतले. दोघांनी बारागानचे नाव चुकविले आहे.

आता प्रश्न आहे तो वहीचा. देवस्थानच्या जमाखर्चात ही खरेदी ‘अर्दुइनो संच, नग २०’ अशी पडली होती. वर्षअखेरीस ती वही महाजनांपुढे वाचली जाते. खजिनदारांनी आमच्या सांगण्यावरून ती ओळ एका रेघेने खोडून तेथे ‘अर्दुइनोच्या खुल्या रचनेवरून अन्य कारखान्यात केलेले संच, नग २०, बोर्डावरील नाव खरे नव्हे’ असे लिहिले आणि सही केली. देणगीदारांस मात्र आभाराचे पत्र जावयाचे आहे. मातोश्रींच्या स्मरणार्थ दिलेल्या पैशांतून असे काही आले हे त्यांस कळवून मन का दुखवावे, असे बहुतेक सदस्यांस वाटते, आणि त्यांचा हेतू वाईट नाही. पत्राचा मसुदा तपासण्यास आमच्याकडे आला आहे. ते वाक्य त्यात नव्हते; आम्ही घातले आहे.